झोपेचा हिशेब

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात देशातली सर्वांत मोठी विमान कंपनी अडखळली. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत इंडिगोची अडीच हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि तीन लाखांवर प्रवासी ठिकठिकाणी अडकून पडले. विमाने धडधाकट होती, इंधन भरपूर होते. नव्या नियमांप्रमाणे पुरेशी विश्रांती मिळालेले वैमानिक तेवढे कमी पडले. हे नियम काही रातोरात आले नव्हते. नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, ते जानेवारी २०२४मध्येच जाहीर केले होते. वैमानिकाची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, नियमातली ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत लांबली आणि रात्रीच्या वेळी करायच्या लँडिंगची मर्यादा सहावरून दोनवर आली. कंपन्यांच्या विरोधामुळे अंमलबजावणी लांबली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर जुलै व नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. दुसरा टप्पा सुरू होऊन जेमतेम महिना झाला तोच वेळापत्रक कोसळले. डीजीसीएला इंडिगोला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६पर्यंत सवलत द्यावी लागली.

स्वस्त विमानसेवा वैमानिकाच्या झोपेवर उभी आहे का, हा प्रश्न त्या आठवड्याने समोर ठेवला. त्याचा विचार आपल्याकडच्या जुन्या रीतीने करावा असे वाटते. आधी पूर्वपक्ष पूर्ण ताकदीने मांडायचा, मग उत्तरपक्ष, आणि शेवटी आपला निर्णय. इथला पूर्वपक्ष विमान कंपनीच्या नियोजनाच्या टेबलावरून बोलतो आणि उत्तरपक्ष कॉकपिटमधल्या खुर्चीवरून. दोघांनाही आपापले काम नीट ठाऊक आहे आणि दोघेही प्रामाणिक आहेत.

पूर्वपक्ष : कॅप्टन, २००३ साली एअर डेक्कन सुरू झाली तेव्हा विमानाचं तिकीट हे मोजक्या लोकांचं सुख होतं. आज नागपूर-पुणे किंवा मुंबई-दिल्ली प्रवास सामान्य नोकरदार करतो, तो आमच्या हिशेबामुळे. एकाच जातीची विमानं ठेवायची, म्हणजे प्रशिक्षण, सुटे भाग, दुरुस्ती सगळं एकाच साच्यात बसतं. एका विमानात १८० ते १८६ जागा बसवायच्या. उतरलेलं विमान अर्ध्या तासात पुन्हा उडवायचं, कारण जमिनीवर उभं असलेलं विमान फक्त भाडं खातं. याचा फायदा तुम्हालाही झाला. सरकारी कंपनीच्या एकाधिकाराच्या काळात फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, कमांडसाठी, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी, वर्षानुवर्षं ताटकळत असे. आमच्याकडे उड्डाणाचे तास भराभर जमतात, एटीपीएल परवान्याला लागणारे १५०० तास लवकर पूर्ण होतात आणि तिशीच्या आसपासची मुलं-मुली कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत बसतात. आंतरराष्ट्रीय मार्गांसारखे आठ-आठ दिवस घराबाहेर राहणंही फारसं नाही. पगार देशातल्या बहुतेक पगारदारांनी हेवा करावा असा आहे. विमानांच्या एवढ्या ऑर्डरी दिल्या गेल्या आहेत की येत्या १५-२० वर्षांत भारताला ३०,००० वैमानिक लागतील, असं नागरी हवाई वाहतूकमंत्री राममोहन नायडूंनी सांगितलं आहे. ज्या धंद्यानं ही दारं उघडली त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं न्याय्य नाही.

उत्तरपक्ष : यातलं काहीही मी नाकारत नाही. कमांड लवकर मिळते, हे खरं आहे. पण तुम्ही वर्णन केलेला हिशेब विमानाचा आहे. विमान चोवीस तासांत केव्हाही उडवा, पंखाला दिवस-रात्र कळत नाही. माणसाच्या शरीराला कळते. पहाटे दोन ते सहा या वेळात मेंदू सगळ्यांत मंद चालतो, हे डीजीसीएच्या नियमांतही नोंदलेलं आहे. आता पहाटे सव्वापाचचं उड्डाण घ्या. सव्वाचारच्या आत हजर व्हायचं, तीनच्या सुमाराला गाडी दारात येणार, म्हणजे गजर दोनचा. आदल्या संध्याकाळी सहाला झोपलं तर आठ तास मिळतील. पण घरात मुलं अभ्यासाला बसलेली असताना, खाली रस्ता वाहत असताना, सहाला कोणाला झोप लागते? असे दोन-तीन पहाटेचे दिवस होतात आणि मग त्याच आठवड्यात रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, उलटतं : संध्याकाळी हजर, चार सेक्टर म्हणजे चार उड्डाणं, मध्यरात्रीनंतर शेवटचं लँडिंग. शरीर पहाटेच्या वेळेला कसंबसं रुळलेलं असतं, त्याला एकदम रात्रीवर ढकललं जातं. ३६ तासांची विश्रांती कागदावर भरपूर दिसते. रात्री दहाला सुटलेला माणूस परवा सकाळी दहाला हजर होतो. मधला एकच पूर्ण दिवस त्याचा, आणि त्यातला अर्धा मागची झोप फेडण्यात जातो. वाढवून मिळालेले बारा तास ही चैन नव्हती, फेडायला जमेल असा तो हप्ता होता.

पूर्वपक्ष : पण मर्यादा आधीही होत्याच. वर्षाला एक हजार तासांपेक्षा जास्त उड्डाण करता येत नाही. वर्षावर पसरले तर रोजचे तीन तासही होत नाहीत. एसटीचा चालक, घाटातून रात्री ट्रक नेणारा माणूस, सरकारी रुग्णालयातला निवासी डॉक्टर यांना कोण विचारतो? आणि मंगळूरचा अपघात तुम्ही पुढे करणार, हे मला ठाऊक आहे. २२ मे २०१०ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं, १५८ माणसं गेली. पण त्या उड्डाणाचे कॅप्टन नुकतेच रजेवरून परतले होते. त्यांना पुरेशी विश्रांती मिळाली होती, हे चौकशीतही नमूद आहे. मग दोष रोस्टरचा कसा?

उत्तरपक्ष : आधी तासांचं बघू. हजार तास म्हणजे विमानाच्या चाकांखालचे अडसर काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा वेळ. दोन उड्डाणांमधला अर्धा तास, विमानाला फेरी मारून केलेली तपासणी, हवामानाचे कागद, धुक्यामुळे दरवाजे बंद करून काढलेले दोन तास, दुसऱ्या शहरातून विमान आणण्यासाठी प्रवासी म्हणून केलेला प्रवास, घरी बसून फोनकडे कान लावलेला स्टँडबाय, यातलं काहीच त्या हजारांत येत नाही. ट्रकचालक आणि निवासी डॉक्टर यांची झोप मारली जाते हे खरंच आहे, आणि तेही चूकच आहे. एका ठिकाणचं नुकसान दाखवून दुसऱ्या ठिकाणचं माफ होत नाही.

राहिलं मंगळूर. तुम्ही दिलेला तपशील बरोबर आहे, आणि माझं म्हणणं त्यानं आणखी पक्कं होतं. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीनं कॉकपिटमधलं ध्वनिमुद्रण ऐकलं. जवळजवळ एक तास चाळीस मिनिटं दोन वैमानिकांमध्ये बोलणं नाही आणि कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज. नंतर जाग आली ती अर्धवट. विमान उंच होतं, वेगात होतं. फर्स्ट ऑफिसरनं तीन वेळा ‘गो अराउंड’ म्हटलं, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर चला. ते ऐकलं गेलं नाही, आणि त्यानंही विमान आपल्या हातात घेतलं नाही. यातून दोन गोष्टी हाती लागतात. एक, रजेवरून ताजा आलेला माणूसही त्या प्रहरी झोपेपुढे हरतो. म्हणून नुसते तास मोजून चालत नाही, रात्रीला वेगळा नियम लागतो. दुसरी त्याहून मोठी. वेळेवर ‘नको’ म्हणणारा माणूस कॉकपिटमध्ये होता, पण त्याच्या ‘नको’ला वजन नव्हतं.

पूर्वपक्ष : ते २०१० होतं. आता थकलेल्या वैमानिकानं ‘फटीग रिपोर्ट’ द्यावा, अशी सोय आहे. नव्या नियमांप्रमाणे कंपनीला दर तिमाहीला थकव्याचा अहवाल डीजीसीएकडे पाठवावा लागतो. थकलात तर उडू नका. कोणीही तुमच्या हाताला धरून विमानात बसवत नाही.

उत्तरपक्ष : इथेच आपला खरा मतभेद आहे. उड्डाणाआधी आम्ही ब्रेथलायझरमध्ये फुंकतो. मद्याचा अंशही चालत नाही, आणि तसंच असलं पाहिजे. पण १९९७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं की सतरा तास सलग जागलेल्या माणसाचं कौशल्य रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतकं घसरतं. आपल्याकडे रस्त्यावर गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. मद्य पकडायला यंत्र आहे. झोप किती झाली हे दारात उभं राहून मोजणारं यंत्र नाही. ते मोजायला वैमानिकाचं स्वतःचं तोंड तेवढं आहे. रात्री दोनला फोन करून ‘मी आज उडण्याच्या स्थितीत नाही’ एवढं वाक्य त्यानं म्हणायचं. मग ते वाक्य म्हणण्याची ताकद त्याला कुठून येते, हे बघायला नको का?

त्याची नोकरी कशी घडते ते बघा. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित, मग गोंदिया, बारामती, धुळे किंवा परदेशात प्रशिक्षण, डीजीसीएच्या परीक्षा, किमान २०० तास उड्डाण, त्यानंतर एअरबस किंवा बोइंगचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीचं विमान चालवण्याची पात्रता. कंपन्यांच्या कॅडेट योजनांतून गेलं तर हा सगळा खर्च कोटीच्या घरात जातो. तो बहुधा घर किंवा जमीन तारण ठेवून काढलेला असतो. २०२३मध्ये डीजीसीएनं १६०० हून अधिक व्यावसायिक परवाने दिले. पण नवा परवाना हातात असलेल्याला लगेच नोकरी मिळतेच असं नाही. टंचाई आहे ती अनुभवी कॅप्टनची. नव्या मुलांची रांग लांब आहे. म्हणून उजव्या खुर्चीतला फर्स्ट ऑफिसर मुलगा स्वतःला सहज बदलता येण्याजोगा समजतो. नोकरी सोडायची तर २०१७च्या नियमाप्रमाणे कॅप्टनला एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. दुसरीकडे गेलं की ज्येष्ठता शून्यापासून. किंगफिशर २०१२ला थांबली, जेट २०१९ला, गो फर्स्ट २०२३ला. प्रत्येक वेळी शेकडो वैमानिक रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. पगाराचा काही भाग ठरलेल्या तासांपलीकडच्या उड्डाणावर मिळतो. कर्जाचा हप्ता चालू, दार बंद, मागे रांग, आणि न उडालं तर पैसे कमी. अशा माणसाला तुम्ही सांगता, थकलास तर फोन कर. सोय आहे खरी, पण ती वापरण्याची किंमत त्याच्याच खिशातून जाते.

पूर्वपक्ष : नोटिशीचा नियम हौसेनं आलेला नाही. २०२३मध्ये आकासा एअरमधून ४३ वैमानिक नोटीस पूर्ण न करता निघून गेले, उड्डाणं रद्द झाली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. एका वैमानिकाच्या जाण्यानं १८० माणसांचा खोळंबा होतो. आणि तुमची मागणी शेवटी एकच येते : वैमानिक जास्त ठेवा. काही बिनकामाचे बसवून ठेवा. तो खर्च तिकिटात जाईल. इंधनच आमच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त खातं, त्यात ही भर. ज्या सामान्य माणसासाठी हा सगळा खटाटोप, तोच परत रेल्वेच्या स्लीपरमध्ये जाईल.

उत्तरपक्ष : मग हिशेबच करू. समजा, कॅप्टनला महिन्याला सहा लाख आणि फर्स्ट ऑफिसरला तीन लाख मिळतात, ७० तासांच्या उड्डाणासाठी. दोघांचे मिळून तासाला तेरा हजारांच्या आत येतात. मुंबई-दिल्लीचं दोन तासांचं उड्डाण धरलं तर सुमारे २६ हजार. विमानात १६० प्रवासी असतील तर माणशी १६० रुपये. आता रोस्टरमध्ये श्वास घ्यायला जागा हवी म्हणून वीस टक्के वैमानिक जास्त ठेवू. माणशी ३२ रुपये वाढतील. भत्ते, प्रशिक्षण, सिम्युलेटर धरून दुप्पट करा, ६४ रुपये. विमानतळावरचा चहासुद्धा याहून महाग असतो. आता दुसऱ्या बाजूचं बघा. डिसेंबरमध्ये राखीव वैमानिक नव्हते म्हणून तिकिटं इतकी भडकली की सरकारला कमाल भाडं ठरवून द्यावं लागलं. मुंबई-दिल्लीच्या अंतराला पंधरा हजार. ज्याला तुम्ही बिनकामाचा म्हणता तो राखीव वैमानिक म्हणजे विम्याचा हप्ता आहे. हप्ता वाचवला, आणि आग लागल्यावर घर प्रवाशाचं जळलं.

हा फक्त आपल्याकडचा प्रकार नाही. सप्टेंबर २०१७मध्ये रायनएअरला सहा आठवडे रोज ४०-५० उड्डाणं रद्द करावी लागली. रजेच्या वर्षाची मोजणी बदलणार हे आधीच ठरलेलं होतं, तरी वैमानिकांच्या रजांची सोय झाली नव्हती. तीसहून अधिक वर्षं संघटनेला दार न उघडणाऱ्या त्या कंपनीनं त्याच डिसेंबरात वैमानिकांच्या संघटनांना मान्यता दिली. कंपनी बुडाली नाही, तिकिटंही स्वस्तच राहिली. स्वस्त विमानसेवेची पाठशाळा मानली जाते ती अमेरिकेतली साउथवेस्ट. तिथल्या वैमानिकांची संघटना १९७८पासून आहे, आणि २०१९पर्यंत ती कंपनी सलग ४७ वर्षं नफ्यात होती. एकाच जातीचं विमान, झटपट उड्डाण, थेट तिकीटविक्री, यातून स्वस्ताई येते. थकलेला वैमानिक त्या यादीत कधीच नव्हता. तो नंतर घुसवला गेला.

पूर्वपक्षाचे एक म्हणणे शेवटपर्यंत टिकते, आणि ते मान्य करूनच पुढे जायला हवे. स्वस्त विमानसेवेने देशाचे आणि या व्यवसायाचे भले केले आहे. वैमानिकाने करार वाऱ्यावर सोडून जाणेही प्रवाशावर अन्यायच आहे. पण ‘नियमात बसते म्हणजे सुरक्षित’ आणि ‘सोय आहे म्हणजे स्वातंत्र्य आहे’ ही त्याची दोन गृहीते टिकत नाहीत. डिसेंबरच्या गोंधळाची चौकशी करून डीजीसीएने जानेवारी २०२६मध्ये इंडिगोला २२ कोटी २० लाखांचा दंड केला. माणसे, विमाने आणि मार्गजाळे यांचा जास्तीत जास्त वापर करण्याच्या ध्यासात रोस्टरमधली मोकळी जागा अत्यंत आक्रसली, लांबलेल्या ड्युट्या होत्या आणि सावरायला वाव उरला नव्हता, हा त्या चौकशीचा निष्कर्ष. उत्तरपक्ष कॉकपिटमधून जे सांगत होता तेच नियामकाने कागदावर आणले. नियमातली मर्यादा ही काठावरची कुंपणाची तार असते. रोस्टरचे सॉफ्टवेअर तिलाच रस्ता समजून चालू लागले की पहिल्याच वळणावर कपडे फाटतात.

यावर कोणी म्हणेल की टंचाई वाढली की बाजारच हे दुरुस्त करील, वैमानिकाला भाव येईल आणि त्याच्या अटी आपोआप मानल्या जातील. ज्येष्ठ कॅप्टनच्या बाबतीत हे काही अंशी होईलही. पण बाजार भाव देतो तो पैशात, झोपेत नाही. टंचाईच्या काळात असलेल्याच माणसांना जास्त तास उडवण्याचा मोह उलट वाढतो, आणि जास्त पैसे मिळतात म्हणून माणूसही तयार होतो. कोळिकोडला ऑगस्ट २०२०मध्ये झालेल्या विमान अपघाताच्या अहवालात एक आकडा आहे. त्या तळावर २६ फर्स्ट ऑफिसर नेमलेले होते आणि कॅप्टन एकच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणाला हजर राहायचे, ही गोष्ट पावसातल्या त्या लँडिंगच्या वेळी कॅप्टनच्या मनावर स्वार असावी, असे चौकशीने नोंदवले. अपघाताचे कारण म्हणून उड्डाणाचे ठरलेले नियम मोडल्यावर बोट ठेवतानाच अहवालाने कंपनीच्या मनुष्यबळ धोरणालाही सदोष म्हटले. नेमणुकीच्या फाइलमधली चूक धावपट्टीपर्यंत पोचू शकते, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगणार?

म्हणून माझे म्हणणे असे की वैमानिकाच्या कामाच्या अटी आणि प्रवाशाची सुरक्षितता हे दोन वेगळे विषय नाहीत. त्याला ‘आज नाही’ म्हणता येते की नाही, हाच दोन्हींमधला दुवा आहे. तो मजबूत करायचा तर तीन गोष्टी कराव्या लागतील. कंपनीचे हंगामी वेळापत्रक मंजूर करताना डीजीसीएने विमाने आणि विमानतळावरच्या वेळा मोजाव्यात, तसेच दर उड्डाणामागे किती राखीव वैमानिक आहेत हेही मोजावे आणि कमी असतील तर उड्डाणे कापावीत. ही कापाकापी डिसेंबरच्या गोंधळानंतर दहा टक्क्यांनी करावी लागलीच. ती आधी झाली असती तर प्रवासी अडकले नसते. दुसरे, थकव्याची तक्रार कंपनीच्या हातून नव्हे तर थेट स्वतंत्र यंत्रणेकडे जावी, तक्रार करणाऱ्याचे त्या दिवसाचे पैसे कापले जाऊ नयेत आणि कंपनीनिहाय आकडे लोकांसमोर यावेत. तिसरे, नोटिशीची बेडी दोन्ही बाजूंनी सारखी असावी. कंपनीला एक वर्ष वैमानिक बांधून ठेवता येत असेल, तर कंपनीनेही रोस्टर आणि पगार यांची तेवढ्याच मुदतीची हमी द्यावी.

गोंदिया किंवा बारामतीच्या धावपट्टीवर आज पहिले एकल उड्डाण करणाऱ्या मुला-मुलींना हा व्यवसाय सोडा असे सांगायचे नाही. त्यांच्यासाठी खरोखर मोठे भविष्य आहे. पण ते आणि त्यांचे आईवडील पगाराचा आकडा विचारतात, तसाच राखीव वैमानिकांचा आकडाही विचारू लागले, तर कंपन्यांना तो द्यावा लागेल. आणि ६४ रुपये जास्त मोजायला आपण प्रवासी तयार असलो पाहिजे. मंगळूरच्या त्या सकाळी उजव्या खुर्चीतून तीनदा ‘नको’ म्हटले गेले. पहिल्याच ‘नको’ला विमान पुन्हा आकाशात जावे, त्यासाठी हा सगळा हिशेब.